वावरातून तेलाची पाइपलाइन जाणार आहे, पैशाच्या आधी काय काय तपासून घ्यायचं?

तापीकाठ_शिरपूर:
राम राम मंडळी. आमच्या शिवारातून पेट्रोल-डिझेलच्या पाइपलाइनची आखणी चालू आहे, खुणा रोवून झाल्या, आता मोजणीवाले गट नंबर विचारत फिरतायत. गावात पारावर दोनच विषय, गुंठ्याला किती मिळणार आणि कोणाचं वावर वाचलं. माझी काळजी वेगळी आहे. माझी विहीर आखणीच्या अगदी जवळ, वरती काळी कसदार माती आणि खाली पिवळी, आणि आखणीच्या पलीकडच्या तुकड्यात कांदेबाग केळी (पावसाळ्यानंतर लावलेली) उभी आहे जिचं पाणी अलीकडच्या विहिरीवरून सबमेनने, म्हणजे जमिनीखालच्या नळीने जातं. म्हणजे चर खोदला की बाग तिकडे आणि पाणी इकडे. कंपनीच्या माणसाला विचारलं की बाबा उद्या गळती झाली तर आधी कोणाला कळणार, तर म्हणे कंट्रोल रूमला सगळं दिसतं तुम्ही निश्चिंत रहा. मला काही हे पटलं नाही. ज्यांच्या वावरातून आधीच लाईन गेलेली आहे त्यांनी सांगा, नेमकं काय विचारायचं, कोणाला, आणि केव्हा. विरोधच करायचा असं ठरवून बसलेलो नाही, पण विचारल्याशिवाय सही करायची नाही हे नक्की.

पांझराकाठचा:
हाई खरं शे भाऊ, आम्हना वावरमाबी असंच व्हयनं. बाकीच्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. आमच्याकडून लाईन जाऊन बरीच वर्षं झाली. पाइप दिसत नाही, आवाज नाही, वरून नांगर चालतो, सगळं मान्य. पण माती? खोदताना वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायचा, बुजवताना आधी मुरूम मग काळी, असं सांगतात सगळे. प्रत्यक्षात पोकलेनवाल्याला रोजच्या मीटरचा हिशोब द्यायचा असतो, तो सगळं एकाच ढिगात ओढतो. आमच्या वावरात मुरूम वर आला तो आला. पहिल्याच पावसाळ्यात चर खचला, लांबच लांब नाली तयार झाली, त्यात पाणी तुंबलं आणि कपाशी पिवळी पडली, शिवाय जिथून त्यांची जड वाहनं गेली तिथली जमीन अशी दाबली गेली की वखराची पास वर उचलून यायची. शेजारच्या आबांनी मात्र खोदाई चालू असताना बांध सोडला नाही, मिसळताना दिसलं की हात आडवा करून काम थांबवायचे, सुपरवायझरला बोलावून वेगळे ढीग करायला लावायचे. त्यांच्या वावरात आज लाईन कुठून गेली ते पिकावरून ओळखता येत नाही. तेव्हा पहिली गोष्ट, खोदाईच्या दिवसात घरचं कोणीतरी तिथे पाहिजेच.

कापूसवाला_पारोळा:
माती पाणी सगळं ठीक आहे हो पण आधी मोबदल्याचं बोला. जमिनीच्या किमतीच्या दहा टक्के देतात म्हणे फक्त! दहा टक्क्यात काय येतं आजकाल. सगळ्या गावाने एकी करून रेट वाढवून घ्या, बाकी सगळं नंतर बघता येईल.

वकिली_जळगाव:
नंतर बघता येत नाही हीच अडचण आहे दादा. कायदा १९६२ चा आहे, पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन (जमिनीतील वापराच्या हक्काचं संपादन). यात जमीन तुमच्याच नावावर राहते, सरकार फक्त तिच्याखालून पाइप न्यायचा हक्क घेतं, त्यालाच सगळे आरओयू म्हणतात. पट्टा साधारण १८ मीटरचा असतो पण तुमच्या गटात नेमका किती ते नोटिफिकेशनमध्येच बघा. कलम ३ ची अधिसूचना गॅझेटमध्ये येते, आणि त्यानंतर हरकत घ्यायला फक्त २१ दिवस. पुष्कळ लोक नोटीस घरी येईल म्हणून वाट बघत बसतात आणि मुदत निघून जाते. हरकत लेखी द्यायची, कारणं लिहायची, सक्षम प्राधिकाऱ्याने (सरकारने या कायद्यासाठी नेमलेला अधिकारी) तुम्हाला सुनावणी द्यावीच लागते, स्वतः जा नाहीतर वकील पाठवा. कलम ६ ची घोषणा झाली की हक्क गेला, मग फक्त पैशाचं भांडण उरतं.

आता त्या दहा टक्क्यांचं. कलम १० मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावोगाव लोक त्या एक समजतात. एक, ३ ची अधिसूचना निघाली त्या तारखेच्या बाजारभावाच्या दहा टक्के, हे वापराच्या हक्कापोटी. दुसरं, प्रत्यक्ष नुकसान, त्यात उभं पीक, झाडं, इतर मालमत्तेचं नुकसान आणि जमीन काही काळ तुटल्यामुळे झालेलं नुकसान, हे सगळं वेगळं धरायचं असतं. तापीकाठ भाऊ, तुमची पलीकडची केळी पाणी तुटल्यामुळे वाळली तर ती पट्ट्याच्या बाहेर असली तरी मागता येते, फक्त पंचनाम्यात सबमेन कुठून कुठे जाते ते नकाशासकट यायला हवं. ठरवलेली रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. आणि पुढे कधीही दुरुस्तीला येऊन त्यांनी वावर उकरलं तर त्या वेळचं नुकसान परत वेगळं द्यावं लागतं.

केळी_रावेर:
वकीलसाहेब एक शंका. या पट्ट्यात झाड लावायचं नाही असं कलम ९ मध्ये आहे ना, विहीर खोदायची नाही, शेततळं नाही, बांधकाम नाही. मग केळीचं काय? आमच्या पट्ट्यात केळी सोडून दुसरं परवडतच नाही, जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते याच काळ्या जमिनीवर. कंपनीचा एक माणूस म्हणतो चालेल, दुसरा म्हणतो फळबाग धरली जाईल. पिलबाग, म्हणजे घड कापल्यावर त्याच झाडाच्या पिलावर पुढचं पीक, ठेवला तर दोन-तीन वर्षं बाग उभी असते.

वकिली_जळगाव:
तोंडी चालेल याला काही अर्थ नाही. केळी काही लाकडी खोडाचं झाड नाही, मुळं वरच्या थरातच राहतात, हे मुद्दे हरकतीतच लिहा आणि 'पट्ट्यात केळी लागवडीस मनाई नाही' असं सक्षम प्राधिकाऱ्याकडून लेखी मागा. सुनावणीत विचारलेल्या प्रश्नाची नोंद होते, बांधावर विचारलेल्या प्रश्नाची होत नाही. लिंबू, आंबा, सीताफळ यांची आशा मात्र पट्ट्यापुरती सोडा.

अजून एक, कलम ७ वाचा. राहत्या घराखालून, त्याला लागून असलेल्या अंगणाखालून, आधीपासून असलेल्या पक्क्या बांधकामाखालून पाइप नेता येत नाही, आणि कुठेही एक मीटरपेक्षा कमी खोलीवर टाकता येत नाही. वावरात घर करून राहणाऱ्यांनी घराचा ग्रामपंचायत उतारा आणि वीजबिल काढून ठेवा.

चोपडा_शेती:
मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. आमच्याकडे सातबाऱ्यावर मिस्टरांचं, सासूबाईंचं आणि दोन दिरांचं नाव आहे, वारस नोंद अजून अर्धवट आहे, आणि कंपनीचे लोक फक्त गावात राहणाऱ्या दिरांशी बोलून गेले. शिवाय जमीन बटाईने दिलेली आहे, मग पिकाचे पैसे कोणाला? माझं म्हणणं एवढंच की या बैठका पारावर होतात आणि बायकांना कोणी बोलावत नाही, विहिरीचं पाणी पितो कोण आणि भरतो कोण मग? पाण्याचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो.

वकिली_जळगाव:
ताई, फेरफार आधी मार्गी लावा, पैसे त्याच्यावरच अडतात. हरकत मात्र जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणालाही घेता येते, सगळ्या खातेदारांची सही एकदम पाहिजे असं नाही. बटाईदाराचं नाव पंचनाम्यात पीक करणारा म्हणून लिहून घ्या, नाहीतर ज्याने खर्च केला तो कोरडा राहतो.

पाइपलाइनमध्ये_नोकरी_केलेला:
मी याच क्षेत्रात नोकरी करून रिटायर झालो, मूळ भुसावळचा. थोडी दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. हेच पेट्रोल-डिझेल टँकरने गेलं तर रस्त्यावर किती धोका असतो हे मुंबई-आग्रा रोडवर राहणाऱ्यांना सांगायला नको. मनमाडच्या पानेवाडीहून इंदूरकडे मांगलियाला जाणारी लाईन धुळे जिल्ह्यातून वर्षानुवर्षं चालू आहे, लोक तिच्यावर पेरणी करतायत. पाइपलाइन वाईटच असं नाही. पण कंट्रोल रूमला सगळं दिसतं हे जे तुम्हाला सांगितलं ते अर्धवट आहे. स्काडा सिस्टीम दाब आणि प्रवाह बघते, एका टोकाला किती आत गेलं आणि दुसऱ्या टोकाला किती बाहेर आलं याचा हिशोब मांडते. पाइप फुटला तर बहुतेक वेळा लगेच कळतं. पण सुईच्या छिद्रासारखी गळती, एकूण प्रवाहाच्या एखाद टक्क्याच्या आतली, अशा हिशोबात सहज सापडत नाही, आणि चोवीस तास चालणाऱ्या लाईनीत तेवढ्यानेही पुष्कळ माल जमिनीत मुरतो. ती गळती बहुतेक वेळा वास आल्यावर, पीक जळाल्यावर, नाहीतर विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसल्यावरच कळते.

म्हणून विचारायचे प्रश्न असे विचारा. पाइपाला बाहेरून कोणतं कोटिंग आहे आणि खाली उतरवण्याआधी कोटिंगला कुठे खोच आहे का हे तपासणारी टेस्ट आमच्यासमोर होईल का. आपली काळी माती उन्हाळ्यात हातहात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, ती पाइपाला आणि कोटिंगला वर्षभर ओढत राहते, त्यासाठी पाइपाच्या भोवती मऊ माती किंवा वाळू भरणार आहात का, की तोच दगड-मुरूम परत ढकलणार. दोन व्हॉल्व्ह स्टेशनमध्ये अंतर किती, म्हणजे आमच्याकडे फुटला तर बंद केल्यावरही मधला किती माल वाहून जाईल. पाइपातून फिरून आतून तपासणी करणारं यंत्र, म्हणजे इंटेलिजंट पिग, किती वर्षांनी सोडणार. वावराच्या कडेला जे खांब उभे करतात ना, त्यातले काही कॅथोडिक प्रोटेक्शन मोजायचे असतात, तिथे वायर जोडून व्होल्टेज बघतात, गंज थांबलाय की नाही ते त्यावरून कळतं, साधारण उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे पाहिजे. मोजायला आलेल्या माणसाला आकडा विचारायची सवय लावा. आणि वरून मोठी हाय टेन्शन लाईन समांतर जात असेल तर तिचा परिणाम वेगळा होतो, तो त्यांनी अभ्यासलाय का हे नक्की विचारा.

अमळनेरकर:
नदीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तापी, पांझरा, बोरी, अनेर, गिरणा, जिथे जिथे पाइप नदीखालून जातो तिथे नदीचा तळ किती खरवडला जाईल याचा हिशोब करून खोली ठरवतात. पण तो हिशोब पुराचा असतो, वाळूवाल्यांचा नसतो! गिरणेचं काय झालंय सगळ्यांना माहीत आहे, तळ कुठल्या कुठे खाली गेला. उद्या एखाद्या पुराने पाइप उघडा पडला, त्याच्यावर झाड नाहीतर दगड आदळला, तर तेल थेट नदीत, आणि खाली किती गावांच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी नदीच्या पात्रात आहेत ते मोजा. कंपनीला विचारायचंच, क्रॉसिंगची खोली दर पावसाळ्यानंतर मोजता का. पण गावानेही क्रॉसिंगच्या वर-खाली वाळू उचलू द्यायची नाही असा ग्रामसभेचा ठराव केला पाहिजे, हे आपल्या हातात आहे, याच्यासाठी कंपनीची वाट बघायची गरज नाही.

मिशिगनमधला_खान्देशी:
धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा एरंडोल तालुक्यातला, सध्या अमेरिकेत मिशिगनला आहे, आणि इथली गोष्ट तुम्ही ऐकायलाच पाहिजे. २५ जुलै २०१० ला संध्याकाळी मार्शल गावाजवळ एन्ब्रिज कंपनीची लाईन ६बी फुटली, १९६९ ला टाकलेला ३० इंची पाइप. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते. त्यांना वाटलं लाईनीत पोकळी झालीय म्हणून दाब कमी दिसतोय, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पंप दोनदा परत चालू केले. दहा मिनिटांत कारण सापडलं नाही तर लाईन बंद करायची हा त्यांचा स्वतःचाच नियम होता. जेवढं तेल सांडलं त्यातलं ८१ टक्के त्या दोन वेळच्या पंपिंगमध्ये सांडलं. सतरा तासांनी कळलं, आणि तेही कंट्रोल रूमला दिसलं म्हणून नाही, एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने फोन केला म्हणून. आदल्या रात्रीच आजूबाजूच्या लोकांनी वास येतोय म्हणून आपत्कालीन नंबरवर फोन केलेले होते, अग्निशमनवाले येऊन फिरून गेले, त्यांना काही सापडलं नाही. सुमारे ३२ लाख लिटर तेल ओढ्यातून कॅलामझू नदीत गेलं. ते जाड प्रकारचं तेल होतं, त्यातला हलका भाग उडून गेला आणि बाकीचं तळाला बसलं, काही वर्षं गाळ उपसत होते. खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की पाइपाच्या त्या तुकड्यात दोष आहे हे २००५ च्या तपासणीत कंपनीला दिसलेलं होतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ च्या अहवालात हे सगळं मांडलं. त्यानंतर त्या लाईनीच्या जागी नवी टाकायला कंपनी परत त्याच लोकांच्या दारात आली, तेव्हा जमीनमालकांनी एकेक कागद, एकेक आश्वासन लिहून ठेवायला सुरुवात केली, झाडं किती तोडली, माती कशी ठेवली, काय बोलले होते आणि काय केलं. कंपनीला ते आवडलं नाही, पण बोलताना जपून बोलायला लागली. आपल्याकडे हे करायला काय लागतं, एक वही आणि मोबाईलचा कॅमेरा.

कापूसवाला_पारोळा:
ते अमेरिकेत झालं, आपल्याकडे कोण एवढी चौकशी करतं. आपल्याकडे झालंय का असं कुठे?

पाइपलाइनमध्ये_नोकरी_केलेला:
झालंय ना. आंध्रात नगरम गावी २७ जून २०१४ ला गॅसची लाईन फुटून आग लागली, वीसच्या वर माणसं गेली, पाइप आतून गंजलेला होता. ती गॅसची लाईन, तुमची द्रव तेलाची, धोका वेगळा, पण गंजाची गोष्ट तीच. आणि चेन्नईत तोंडियारपेटला २०१३ मध्ये लोकांच्या बोअरच्या पाण्यात पेट्रोल यायला लागलं, गल्लीतल्या लाईनीतून मुरत होतं. तिथे आधी लोकांनाच कळलं.

पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या वर तरंगतं आणि त्यातलं बेंझीन पाण्यात विरघळतं, ते कर्करोगाला कारण होतं. आता आपल्याकडे बघा, तापीच्या दोन्ही अंगाला गाळाची जमीन, वाळू-गोट्यांचे थर, त्यात पाणी चालतं तसं तेलही चालतं. दक्षिणेला पांझरेकडे काळा खडक, तिथे फटींमधून कुठे जाईल सांगता येत नाही, लाईनजवळची विहीर कोरी राहील आणि लांबच्या विहिरीत निघेल.

शहादा_तळोदा:
एक विचारू का, एवढा मोठा प्रकल्प आहे तर पर्यावरणाची जनसुनावणी का होत नाही? आमच्याकडे साध्या कारखान्याला होते.

वकिली_जळगाव:
कारण २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत तेल-वायूची पाइपलाइन राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तरच पूर्वमंजुरी लागते. साध्या शेतजमिनीतून जाणाऱ्या लाईनीला नाही लागत. मला हे चुकीचं वाटतं, ज्या भागात पिण्याचं पाणी, केळी, ऊस सगळं एकाच भूजलावर आहे तो भाग संवेदनशील नाही का? पण आज नियम असा आहे. म्हणून तर ती २१ दिवसांची हरकत एवढी महत्त्वाची, शेतकऱ्याला कायद्याने बोलायची जागा तेवढीच आहे, आणि तिच्यात लोक फक्त रेट लिहितात. पाणी लिहा, माती लिहा, नदी लिहा. तुमच्याकडे वनपट्ट्याची जमीन असेल तर वनहक्काचा विषय वेगळा, पेसा गावांत (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे) ग्रामसभेचा ठराव लगेच करून घ्या.

माहिती मागायचं म्हणाल तर सरकारी कंपनी असेल तर माहिती अधिकारात थेट अर्ज, दहा रुपये. खाजगी असेल तर सक्षम प्राधिकारी आणि पेट्रोलियम नियामक मंडळ, म्हणजे पीएनजीआरबी, त्यांच्याकडे. प्रत्येक लाईनीचा आपत्कालीन आराखडा करणं २०१० च्या नियमांनी बंधनकारक आहे, त्यात तुमच्या गावाचं नाव कुठे आहे, कोणाला फोन करायचा, गावात सराव कधी होणार, हे मागा.

पांझराकाठचा:
अजून एक धोका, चोरीचा. रात्री येऊन पाइपाला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवतात, तेल काढतात, आणि अर्धवट सोडून पळतात, मग तेल वावरात. पोलीस आधी वावरवाल्याकडे येतात. त्या १९६२ च्या कायद्यात २०११ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा चोरीला शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. म्हणून वावरात ओली माती उकरलेली, अनोळखी गाडी, झाकलेला खड्डा दिसला की लगेच खांबावरच्या नंबरला फोन आणि पोलीस पाटलाला सांगणं, वेळ लिहून ठेवणं. लाईनीवरून चालत पाहणी करणारा लाईन वॉकर रोज जातो तो कोण आहे हे ओळखून घ्या, त्याचा नंबर घरातल्या सगळ्यांकडे पाहिजे.

तापीकाठ_शिरपूर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज आमच्या भाऊबंदकीतले आणि शेजारचे असे मिळून बसलो होतो, पहिल्यांदाच घरातल्या बायकाही बसल्या. हरकत सगळ्यांनी आपापल्या गटाची वेगवेगळी द्यायची पण माती, पाणी आणि नदीचे मुद्दे सगळ्यांचे सारखे असं ठरलं. बुजवायच्या आधी पाइपाची खोली दोघांच्या समक्ष टेपने मोजून फोटो काढायचा हेही लिहितोय. विहिरींचं पाणी आधी तपासून ठेवायचं असं सगळ्यांच्या मनात आहे म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की तुमचं पाणी आधीपासूनच असं होतं. पण ते कसं करायचं, कोणत्या बाटलीत, कुठे द्यायचं, काय तपासा म्हणून सांगायचं? नेहमीच्या पाणी तपासणीत तर फक्त क्षार आणि जंतू बघतात.

पाणी_तपासणी_धुळे:
मी लॅबमध्ये काम करतो, सांगतो. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब घ्या, आणि नुसती मान्यता नाही तर खाली लिहिलेल्या तपासण्या तिच्या यादीत आहेत का ते फोनवर विचारा, सगळीकडे होत नाहीत. खनिज तेल, बेंझीन, टोल्युइन, झायलीन, आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन अशी नावं घेऊन सांगा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० च्या २०१२ च्या मानकात खनिज तेलाची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, अहवालात हा आकडा समोर दिसला पाहिजे. बाटली प्लॅस्टिकची चालत नाही, गडद रंगाच्या काचेची लागते, ती लॅबच देते. तोंडापर्यंत भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही कारण बेंझीन हवेत उडून जातं, आणि बर्फात ठेवून शक्य तेवढ्या लवकर पोचवायची. बंद पडलेल्या विहिरीतून काढू नका, मोटर थोडा वेळ चालवून ताजं पाणी आल्यावर भरा. मोटरच्या ऑइलचा हात बाटलीला लागू देऊ नका, त्यानेच आकडा वाढतो.

सगळ्या विहिरी परवडत नसतील तर आखणीच्या वरच्या अंगाची एक आणि नदीकडच्या उताराच्या अंगाच्या दोन-तीन घ्या, पाणी साधारण तिकडेच सरकतं. एकदा उन्हाळ्यात पातळी खाली गेल्यावर आणि एकदा पोळ्यानंतर पातळी वर आल्यावर. पाणी भरताना तलाठी किंवा ग्रामसेवकाला हजर राहायला सांगा आणि पंचनाम्यावर सही घ्या, बाटलीला गट नंबर आणि तारखेची चिठ्ठी लावून फोटो काढा. कंपनीलाही लेखी कळवा की अमुक दिवशी नमुने घेतोय, त्यांचा माणूस आला तर दोन बाटल्या भरा, एक त्यांना द्या. नाही आला तर ते पत्र पोचल्याची पावती अहवालाला जोडून ठेवा.